तोंड कोरडे, डोळेही कोरडे

मे महिन्यातील भर दुपारी संगमनेरच्या एस.टी. स्टँडवर तासभर उभे राहून पाहा. घशाला कोरड पडते, डोळे चुरचुरतात. तांब्याभर पाणी प्यालात आणि डोळ्यांवर चार हबके मारलेत, की पुन्हा बरे वाटते. ही झाली हवेची करामत.

पण प्रवरा दुथडी भरून वाहत असतानाही एखादी मावशी म्हणते, “पाण्याच्या घोटावाचून भाकरीचा घास उतरत नाही, आणि डोळ्यांत सारखी वाळू खुपते.” ती विड्या वळत असेल, तर लोक तंबाखूच्या धुळीला बोल लावतात. नाहीतर “पाणी जास्त पी” म्हणतात. तिच्या शरीरात पाणी आहे. अडले आहे ते त्याची लाळ आणि आसवे होण्याचे काम.

हे काम ग्रंथी करतात. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लालाग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. त्या दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात! अश्रुग्रंथी प्रत्येक डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे असते. चिंच आठवताच तोंडाला पाणी सुटते, कांदा चिरताना डोळ्यांना. दोन्हीकडे मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून येतो आणि तंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीन हे एकच रसायन तो ग्रंथीला पोचवते.

हा निरोप्या अडवला तर? रस्त्याकडेच्या धोतऱ्यात अॅट्रोपीन असते. ते नेमके हेच करते. धोतरा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड सुकते, आसवे आटतात, बाहुल्या विस्फारतात. (हा प्रयोग मुळीच करावयाचा नाही. धोतऱ्याने माणसे दगावतात.) सर्दीच्या काही गोळ्यांचाही थोडा असाच परिणाम होतो. म्हणून मावशी कोणती औषधे घेते, हे आधी विचारावे.

कधी निरोप पोचतो, पण ग्रंथीच निकामी झालेली असते. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश डॉक्टरांनी १९३३ साली अशा १९ स्त्रियांविषयी प्रबंध लिहिला. ते डोळ्यांचे डॉक्टर. तरी त्यांनी रुग्णांच्या तोंडाची आणि दुखऱ्या सांध्यांचीही दखल घेतली, हे विशेष. या रोगात जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच ग्रंथींवर चाल करून जातात. दहांतील सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. लाळ नसली की दात भराभर किडतात. आसवे नसली की बुबुळावरील पारदर्शक पडद्याला इजा होते.

आसवे मोजण्याची युक्ती मात्र सोपी आहे. डॉक्टर टिपकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. ५ मिनिटांत ती ५ मिलिमीटरपर्यंतच भिजली, तर आसवे फार कमी आहेत असे समजतात. आटलेल्या ग्रंथी बहुधा पूर्ववत होत नाहीत, पण थेंबांनी डोळे आणि काळजी घेऊन दात वाचवता येतात.

तेव्हा मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलेत, तर तोंड कोरडे पडते हेही सांगा; दातांच्या डॉक्टरांकडे नेलेत, तर डोळे खुपतात हेही.