चाचणीचा खरा उपयोग

बेळगाव शहरातील खासबाग ही विणकरांची वस्ती. मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकर तो तेथेच सांधतो. कापड पुरे होण्याची वाट पाहत नाही. वर्गातील चाचणीचे प्रयोजनही हेच होय.

दोन मुलांना दहापैकी पाचच गुण मिळतात. परंतु एकास हातच्याची वजाबाकी जमत नाही, तर दुसऱ्यास उदाहरणच वाचता येत नाही. दोघांना एकच धडा देऊन काय साधणार? कर्नाटकात १९९५ साली हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झालेल्या ‘नली-कली’ पद्धतीत म्हणूनच प्रत्येक मुलाची पायरी स्वतंत्रपणे नोंदली जाते.

शिक्षकांनी गुणांसमवेत चुकीचा प्रकारही टिपावा, त्यानुसार गट पाडावेत व आठवड्याने पुन्हा तपासावे. पालकांनीही ‘किती गुण?’ याऐवजी ‘कोठे अडले?’ असे विचारावे.