पिसवांचा बंदोबस्त

कुत्र्याच्या अंगावर पिसवा झाल्या की आपण त्याला धुतो. चार दिवसांत त्याचं खाजवणं पुन्हा सुरू! असं का होतं? पिसू अंगावर अंडी घालते, पण ती खाली गळतात. कुत्रा झोपतो त्या पोत्यात, धुळीत व फटींत अळ्या वाढतात, कोष करतात आणि नव्या पिसवा निघतात. म्हणून नुसता कुत्रा धुऊन भागत नाही.

आमच्या मोतीसाठी आम्ही उवांची एक जुनी फणी वेगळी ठेवली आहे. तिने मोतीला रोज विंचरतो. निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवतो. पोतं दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवतो. जागा कोपऱ्यापर्यंत झाडतो. यात खर्च काहीच नाही.

लहान पिलू मात्र रक्त कमी होऊन मरूसुद्धा शकतं. त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं.

पालकांना विनंती, पिकावर फवारायचं औषध जनावराला लावू नका. ते अंग चाटतं, विषबाधा होते. कुत्र्याचं औषध मांजरालाही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर दगावतं.

मित्रांनो, कुत्रा आणि पोतं एकाच दिवशी धुवा!