जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती आणि थरांची शिस्त

स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत, या संपादक मंडळाच्या आवाहनाला माजी विद्यार्थ्यांनी भरभरून प्रतिसाद दिला. छायाचित्रे आली ती मात्र घरोघरी ज्या अवस्थेत असतात त्याच अवस्थेत: घडी पडलेली, ओल लागून पिवळी झालेली, तसबिरीच्या काचेला चिकटून फाटलेली. ती दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आले. हे आम्हांला घरच्या संगणकावर करता येईल काय, असे अनेकांनी त्या काळात विचारले. येईल. ‘गिंप’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते आणि या कामापुरते ते ‘फोटोशॉप’ला फारसे उणे नाही. लागते ती थरांची, म्हणजे ‘लेयर’ची, शिस्त. ती मला कशी लागली, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्या आजीचे एकमेव छायाचित्र मी स्कॅन केले. त्यावर बुरशीचे ठिपके होते. ते एकेक करून पुसले, उजेड वाढविला आणि त्याच फाइलवर सारे जतन केले. दिवाळीत गावी गेलो तेव्हा प्रत मावशीच्या हाती दिली. तिने ती बराच वेळ न्याहाळली आणि विचारले, “आईचं गोंदण कुठं रे गेलं?” आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे बारीक ठिपके होते. बुरशीसमवेत मी तेही पुसून टाकले होते. मूळ छायाचित्र शोधू गेलो, तर ट्रंकेतील कागदांना वाळवी लागलेली. मी केलेली दुरुस्ती निराळ्या थरावर असती, तर तो थर बंद करून गोंदण परत आणणे क्षणाचे काम होते.

थर ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून घराघरांत पोचलेली रंगीत चित्रे एका दगडावरून छापलेली नव्हती. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे आणि त्यांचे ठसे एकावर एक अचूक बसले म्हणजे चित्र पुरे होई. एखादा रंग बिघडला तर त्याच रंगाच्या दगडाकडे वळावे लागे. संगणकावर हीच सोय ‘फोटोशॉप’च्या 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. प्रत्येक थर म्हणजे चित्रावर ठेवलेली एक पारदर्शक काच. तिच्यावर काहीही रंगवा, खालचे चित्र अबाधित राहते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. छायाचित्र कृष्णधवल असले तरी स्कॅन रंगीतच करावे. पिवळा डाग हा निळ्या वाहिनीत गडद दिसतो, लाल वाहिनीत मात्र बहुधा फिका असतो. केवळ लाल वाहिनी वापरून कृष्णधवल प्रतिमा केली, की निम्मे डाग हात न लावता नाहीसे होतात. स्कॅनरवरच कृष्णधवल हा पर्याय निवडला तर हा मार्ग कायमचा बंद होतो.

स्कॅन झालेली प्रतिमा सर्वांत खालचा थर. त्याला कुलूप लावावे आणि पुन्हा कधीही त्यावर ब्रश चालवू नये. पुष्कळ जण येथे प्रत्येक टप्प्याला संपूर्ण थराची नक्कल काढतात; त्यात दोन तोटे आहेत. 6 इंच बाय 4 इंचांचे छायाचित्र दर इंची 600 बिंदूंनी स्कॅन केले, तर 3600 बाय 2400, म्हणजे 86 लाखांहून अधिक बिंदू होतात. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर सुमारे 26 मेगाबाइट. दहा नकला काढल्या की स्मृतीवर 260 मेगाबाइटांचा भार पडतो आणि जुना संगणक कण्हू लागतो. दुसरा तोटा मोठा: तिसऱ्या नकलेवरील चूक पुढच्या साऱ्या नकलांत उतरते. म्हणून नक्कल काढू नये, रिकामा थर घ्यावा. ‘क्लोन’ हे साधन निवडून फोटोशॉपमध्ये ‘करंट अँड बिलो’ आणि गिंपमध्ये ‘सॅम्पल मर्ज्ड’ हा पर्याय लावला, की खालच्या चित्रातील पोत उचलून रिकाम्या थरावर ठेवता येतो. थरावर तेवढीच ठिगळे राहतात. कोणते ठिगळ कोठे लावले, हे खालचा थर क्षणभर झाकला की लख्ख दिसते.

उजेड आणि छटा यांच्यासाठी फोटोशॉपमध्ये ‘ॲडजस्टमेंट लेयर’ असतात. त्यांत चित्र नसते, केवळ सूचना असते. म्हणून ते जागाही जवळपास व्यापत नाहीत. ते दुरुस्तीच्या थरांच्या वर ठेवावेत. येथे नवशिके हमखास फसतात. क्लोन करताना ‘ऑल लेयर्स’ हा पर्याय राहिला, तर वरच्या थराने उजळलेला पोत उचलला जातो, खाली ठेवला जातो आणि त्यावर तोच उजेड पुन्हा चढतो; ठिगळ पांढुरके दिसू लागते. लोक क्लोनला दोष देतात, दोष थरांच्या क्रमाचा असतो.

उजेड साऱ्या चित्राला नको असेल तर मास्क वापरावा. मास्कवर पांढरा रंग म्हणजे परिणाम दिसेल, काळा म्हणजे झाकला जाईल. खोडरबराचा मोह येथे टाळावा. खोडलेले परत येत नाही, काळे केलेले पुन्हा पांढरे करता येते. फोटोशॉप व गिंप दोहोंत एक्स ही कळ दाबली की पुढचा व मागचा रंग अदलाबदल होतात. एका हाताचे बोट त्या कळेवर आणि दुसऱ्या हातात माउस, अशी सवय लागली की कामाचा वेळ निम्म्यावर येतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक युक्ती. सर्वांत वर एक ‘कर्व्हज’चा थर घ्यावा आणि त्याची रेषा लाटेसारखी वरखाली करावी. चित्र भेसूर दिसते, पण डोळ्यांना न दिसणारी धूळ व ओरखडे त्यात उठून येतात. ती तपासणीची काच आहे. काम झाले की तिचा डोळा मिटावा.

थरांना नावे द्यावीत. ‘लेयर 1 कॉपी 3’ म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी आपल्यालाच कळत नाही. मी ‘धूळ’, ‘घडी’, ‘फाटलेला कोपरा’, ‘शंका’ अशी नावे देतो. ज्या ठिपक्याविषयी डाग की खूण हे ठरत नाही, त्याची दुरुस्ती ‘शंका’ या थरावर जाते आणि घरच्या कोणी पाहीपर्यंत तो थर बंद असतो. हा थर आजीमुळे आला, हे सांगावयास नकोच.

या अंकातील पहिल्या तुकडीच्या समूहचित्रावर असेच काम केले आहे. त्याची घडी दुसऱ्या रांगेतील एका मुलाच्या उजव्या डोळ्यावरून गेली आहे. डावा डोळा उलटा करून तेथे बसविणे कठीण नव्हते. तसा एक थर मी करूनही पाहिला. चेहरा सुबक झाला, परंतु तो त्याचा राहिला असे वाटेना. घडी घोटून काढावी आणि डोळा कल्पनेने भरावा, या दोहोंत मला अंतर वाटते. कुणी याहून निराळे मत धरील, त्याला माझा विरोध नाही. छापताना तो थर बंद ठेवला आहे. त्याच्या कुटुंबीयांना हवा असल्यास तो उघडून निराळी प्रत देता येईल.

फाइल जतन करताना फोटोशॉपमध्ये पीएसडी आणि गिंपमध्ये एक्ससीएफ हे स्वरूप ठेवावे. जेपीईजीत थर राहत नाहीत, सारे एकजीव होते. ती केवळ पाठविण्याची प्रत. व्हॉट्सॲपवर पाठविताना छायाचित्र म्हणून न पाठविता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे ते आक्रसत नाही.

समूहचित्राच्या सर्वांत वरच्या थरावर प्रत्येक मुलाच्या डोक्याशी क्रमांक घातले होते. ती प्रत माजी विद्यार्थ्यांमध्ये फिरविली आणि नावे जमविली. छपाईसाठी क्रमांकांचा थर तेवढा बंद केला. 41 पैकी 38 नावे मिळाली. मागच्या रांगेतील डावीकडून चौथा, सहावा आणि टोकाचा, भिंतीला टेकून उभा असलेला, या तिघांची ओळख अद्याप पटलेली नाही. कुणास ती पटल्यास विद्यालयाच्या कार्यालयास अवश्य कळवावे. क्रमांकांचा थर मी अजून काढून टाकलेला नाही.