सोळाव्या वर्षानंतर

[विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण शाळेबरोबर संपू नये, यासाठी इंग्लंडमधील स्थानिक परिषदांवर कोणती जबाबदारी आहे आणि ती पार पाडताना कोणत्या अडचणी येतात, याची माहिती या पाठात दिली आहे.]

आपल्याकडे गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते आणि शहराचा नगरपालिका किंवा महानगरपालिका पाहते. इंग्लंडमध्ये अशीच लोकांनी निवडून दिलेली स्थानिक परिषद असते. रस्ते, कचरा, ग्रंथालये यांबरोबर शिक्षणाची मोठी जबाबदारीही काही परिषदांवर असते.

इंग्लंडमधील मुले साधारणपणे सोळाव्या वर्षी शाळेची मोठी परीक्षा देतात. पुढे कोणी त्याच शाळेच्या वरच्या वर्गात राहतात, कोणी महाविद्यालयात जातात, तर कोणी काम करता करता शिकतात. २०१५ पासून तेथे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत प्रत्येकाने या ना त्या प्रकारे शिकत राहावे, असा नियम आहे.

परंतु ज्याला दिसत नाही, ज्याला चालता येत नाही किंवा ज्याला शिकायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, त्याचे काय? शाळेत त्याला ओळखणारे शिक्षक असतात. त्याच्या शेजारी बसणारा मदतनीस असतो. नव्या महाविद्यालयात त्याची गरज कोणाला कळणार?

पूर्वी अशा मुलांना त्यांच्या व्यंगाच्या नावाने ओळखले जाई. १९७८ साली मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने आपला अहवाल दिला. मुलामध्ये काय उणे आहे हे पाहण्यापेक्षा त्याला शिकण्यासाठी काय हवे आहे ते पाहा, असा या अहवालाचा आशय होता. त्यानंतर १९८१ चा कायदा झाला. मुलाच्या गरजा लेखी नोंदवण्याचे काम या कायद्याने परिषदांकडे आले. पण ही नोंद शाळेपुरतीच होती. विद्यार्थी महाविद्यालयात गेला, की तिचा उपयोग संपे. ज्या वयात मदतीची अधिक गरज, त्याच वयात त्याची हेळसांड होई.

२०१४ साली नवा कायदा झाला. या कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल या तिन्हींची मिळून एकच योजना आखण्याचे ठरले. ही योजना गरजेप्रमाणे वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. मात्र विद्यापीठातील शिक्षणाला ती लागू नाही.

ही योजना तयार करणे हे परिषदेचे काम आहे. अर्ज आल्यापासून वीस आठवड्यांत ती पूर्ण व्हावी, असा नियम आहे. विद्यार्थ्याच्या गरजा, त्याला द्यायची मदत आणि त्याच्या शिक्षणसंस्थेचे नाव तिच्यात लिहिलेले असते. सरकारी खर्चाने चालणाऱ्या महाविद्यालयाचे नाव योजनेत आले, तर त्या महाविद्यालयाला विद्यार्थ्यास प्रवेश द्यावाच लागतो. एका मर्यादेपलीकडचा खर्च परिषद देते. दर वर्षी योजनेचा आढावा घेतला जातो. इयत्ता नववीपासून या आढाव्यात पुढील आयुष्याचाही विचार होतो. विद्यार्थी कोणते काम करील, कोठे राहील, त्याचे मित्र कोण असतील आणि तो आपले आरोग्य कसे सांभाळील, हे प्रश्न तेव्हा विचारले जातात. शाळेतून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याची योजना त्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत बदलून तयार ठेवावी लागते. तेथे नवे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणून महाविद्यालयाला तयारीसाठी पाच महिने मिळतात.

या कायद्यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. समजा, एका मुलीला ऐकू येत नाही आणि तिला स्वयंपाकाचे शिक्षण घ्यायचे आहे. तिने जुन्या शाळेतच राहावे, असे आईवडिलांना वाटते. तिने घराजवळच्या महाविद्यालयात जावे, असे परिषद म्हणते. तिला मात्र शेजारच्या गावातील महाविद्यालय हवे आहे. कारण तेथे खुणांच्या भाषेचा दुभाषी आहे. अशा वेळी परिषदेला त्या मुलीचे म्हणणे विचारावे लागते. सक्तीच्या शालेय शिक्षणाचे वय संपले, की हा हक्क आईवडिलांकडून विद्यार्थ्याकडे येतो. आईवडील तिला मदत करू शकतात. परिषदेचा निर्णय मान्य नसेल, तर ती स्वतः न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते.

परिषद विद्यार्थ्यावर लक्ष ठेवते, तर परिषदेवर लक्ष कोण ठेवते? निवडून आलेल्या सदस्यांची समिती अधिकाऱ्यांना जाब विचारते. शिक्षण आणि आरोग्य या खात्यांचे निरीक्षक संपूर्ण भागाची एकत्र तपासणी करतात. त्यांचा अहवाल सर्वांना वाचता येतो.

एवढे असूनही सारे सुरळीत चालते असे नाही. २०१५ मध्ये अशा लेखी योजना व जुन्या नोंदी मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार होत्या. २०२५ मध्ये योजनांची संख्या सहा लाख अडतीस हजारांवर गेली. पैसा आणि माणसे त्या मानाने अपुरी पडली. २०२४ मध्ये निम्म्याहून कमी नव्या योजना वीस आठवड्यांत पूर्ण झाल्या. प्रवासाचा प्रश्नही कठीण आहे. सोळा वर्षांपर्यंत पात्र मुलांना शाळेत मोफत नेले जाते. पुढे मात्र कोणाला वाहन द्यायचे आणि किती पैसे घ्यायचे, हे प्रत्येक परिषद ठरवते. महाविद्यालयात जागा आहे, पण तेथवर जायला गाडी नाही, अशी वेळ काहींवर येते.

उशीर झाला, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष जाते आणि ते परत मिळत नाही. कायद्यामुळे सगळ्या अडचणी दूर झालेल्या नाहीत. पण जबाबदारी कोणाची, हे लिहून ठेवलेले असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असते.

शब्दार्थ
मदतनीस – मदत करणारा. उणे – कमी. हेळसांड होणे – दुर्लक्ष होणे. आढावा – झालेल्या कामाची पाहणी. दुभाषी – एकाचे बोलणे दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा. दाद मागणे – न्याय मागणे. जाब विचारणे – झालेल्या गोष्टीचे कारण विचारणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) १९८१ च्या कायद्यानुसार केलेली नोंद कोठपर्यंत उपयोगी पडे?
(आ) विद्यार्थ्याची योजना ३१ मार्चपर्यंत का तयार ठेवावी लागते?
२. पाठातील मुलीला शेजारच्या गावातील महाविद्यालय का हवे आहे? तुमच्या मते परिषदेने काय करावे? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. कायदा, तक्रार, अर्ज हे शब्द उर्दूतही आहेत. मराठीत त्यांचे अर्थ कसे बदलले आहेत, ते सांगा. प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.
४. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात चाकाच्या खुर्चीवरून वर्गापर्यंत जाता येते का, ते पाहा आणि वर्गात सांगा.