पाठ्यपुस्तकातील शब्द आणि आपली मुले

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. ब्राह्मण कुळातून संघात आलेले दोन बंधू भिक्खू तथागत भगवान बुद्धांकडे गेले आणि म्हणाले, की निरनिराळ्या कुळांतून व गोत्रांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, तेव्हा ते छंदात, म्हणजे वैदिक भाषेच्या वळणाने बसवावे. तथागतांनी ही सूचना मान्य केली नाही. धम्म आपापल्या भाषेत शिकण्याची त्यांनी अनुज्ञा दिली. ज्ञानाच्या दाराशी भाषेची कडी लावू नये, हा या प्रसंगाचा बोध आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात याच विषयाची दुसरी बाजू दिसते. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले गेले नाही, म्हणून पर्शियन घ्यावे लागले. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या कष्टाने आत्मसात केले आणि पाली भाषेचा शब्दकोश तयार केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन व भाषणांच्या १६व्या खंडात हे काम वाचावयास मिळते. त्यात पाली शब्दांचे इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अर्थ दिलेले आहेत. देशाची घटना लिहिणाऱ्या महापुरुषाला शब्दांचे अर्थ लावीत बसणे कमीपणाचे वाटले नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

तथागतांनी लोकांची भाषा ज्ञानाला जोडली, तर बाबासाहेबांनी नाकारलेली भाषा मिळवून दाखविली. आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टींची गरज आहे.

अडचण कोठे आहे?

संस्थेच्या विहारात संध्याकाळी चालणाऱ्या अभ्यासवर्गात आम्ही पाचवी ते दहावीची मुले शिकवितो. बहुतेकांच्या घरात दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच असतात. मूल धडा घडाघडा वाचते, पण 'बाष्पीभवन म्हणजे काय?' असे विचारले की खाली मान घालते. तेच मूल ओल्या कपड्यांचे पाणी उन्हात कोठे जाते, हे नीट सांगते. त्याला विषय समजलेला असतो, फक्त विषयाचे नाव परके असते.

प्रश्नपत्रिकेत तर याहून मोठा घोटाळा होतो. 'सोदाहरण स्पष्ट करा', 'तुलना करा', 'निष्कर्ष लिहा', 'शास्त्रीय कारण द्या' या सूचनाच ज्याला कळत नाहीत, तो उत्तर येत असूनही जागा कोरी सोडतो. मग गुण कमी पडतात, 'याला डोके नाही' असा शिक्का बसतो आणि एक दिवस तो शाळा सोडून कामावर जाऊ लागतो. हा दोष बुद्धीचा नाही. ज्याच्या घरी पुस्तकी भाषा जेवतानाही कानावर पडते, त्याला हे शब्द फुकट मिळतात. आपल्या मुलांना ते कोणीतरी हातात द्यावे लागतात.

शब्दांचे तीन गट

शिकविण्याच्या सोयीसाठी शब्दांचे तीन गट करावेत. पहिला गट घरच्या शब्दांचा, जसे पाणी, ऊन, माणूस, बाजार. हे शिकवावे लागत नाहीत. तिसरा गट एकेका विषयाच्या शब्दांचा, जसे प्रकाशसंश्लेषण, अक्षांश, घातांक. हे त्या त्या विषयाचे शिक्षक निदान एकदा तरी समजावतात. मधला गट मात्र बेवारस राहतो. कारण, परिणाम, घटक, प्रक्रिया, वैशिष्ट्य, प्रमाण, अनुमान, निष्कर्ष, तुलना, विश्लेषण हे शब्द इतिहासातही येतात, विज्ञानातही येतात. म्हणून प्रत्येक शिक्षकाला वाटते, की ते दुसऱ्याने शिकविलेच असतील. न्यूझीलंडमधील अभ्यासक अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली इंग्रजीतील अशा सर्वविषयी शब्दांची ५७० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यामागचा विचार हाच होता. मराठीतही सुरुवात या मधल्या गटापासून करावी, असे आमचे मत आहे.

शिकविण्याची रीत

प्रथम अर्थ मुलाच्या बोलीत सांगावा आणि पुस्तकातील व्याख्या नंतर द्यावी. 'निष्कर्ष म्हणजे सगळे पाहून झाल्यावर शेवटी आपण काय ठरविले ते', एवढे सांगितले तरी पुरते. मुलाच्या बोलीला हसू नये. ज्या बोलीला आपण हसतो, ती बोलणारी त्याची आई असते.

दुसरे म्हणजे शब्द फोडून दाखवावा. 'श्लेष' म्हणजे जोडणे, चिकटणे. 'संश्लेषण' म्हणजे एकत्र जोडून नवीन बनविणे आणि 'विश्लेषण' म्हणजे सुटे सुटे करून पाहणे. प्रकाशाच्या साहाय्याने झाड पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून अन्न तयार करते, म्हणून ते प्रकाशसंश्लेषण. त्याचप्रमाणे 'करण' म्हणजे करणे आणि 'भवन' म्हणजे होणे, हे कळले की औद्योगिकीकरण, शहरीकरण, बाष्पीभवन, घनीभवन हे शब्द मूल आपले आपण उलगडते. सेमी-इंग्रजीच्या मुलांनाही हीच रीत लागू पडते. फोटोग्राफमधला 'फोटो' म्हणजे प्रकाश, हे कळले की फोटोसिंथेसिस हा शब्द डोंगराएवढा वाटत नाही.

तिसरे, जे शब्द घरात एका अर्थाने व शाळेत दुसऱ्या अर्थाने येतात, त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. 'घात' म्हणजे घरी दगाफटका, बीजगणितात मात्र तो संख्येच्या डोक्यावर बसतो. 'अंश' अपूर्णांकात छेदाच्या वर असतो, कोनात व तापमानात तो मोजण्याचे एकक होतो. 'कार्य' या शब्दाने तर मुले फार गोंधळतात. डोक्यावर पोते घेऊन तासभर एका जागी उभा असलेला हमाल त्या पोत्यावर काहीच कार्य करीत नाही, असे विज्ञान म्हणते. कारण पोत्याचे विस्थापन झालेले नाही. ज्या मुलाचा बाप हमाली करतो, त्याला हे वाक्य लागते. अशा वेळी घाम खोटा नाही, श्रमही खोटे नाहीत, विज्ञानाने या शब्दाला फक्त मोजण्यापुरता मर्यादित अर्थ दिला आहे, असे शिक्षकाने शांतपणे सांगावे. शब्द नीट न सांगितल्याने मुलाचे मन विषयावरून उडते, ते असे.

चौथे, उदाहरणाबरोबर 'हे नव्हे' असेही उदाहरण द्यावे. आरशात चेहरा दिसतो, ते प्रकाशाचे परावर्तन. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल वाकडी दिसते, ते परावर्तन नव्हे, अपवर्तन. फरक डोळ्यांनी पाहिला की शब्द पक्का होतो.

पाचवे, शब्द मुलाच्या तोंडून वाक्यात आला पाहिजे. आमच्या वर्गात वहीच्या पानाचे चार चौकोन करतात. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात आपल्या भाषेत अर्थ, तिसऱ्यात चित्र किंवा उदाहरण, चौथ्यात स्वतःचे वाक्य. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा विचारतात. एकदा ऐकलेला शब्द पाहुण्यासारखा निघून जातो.

आपल्या घरातील भांडवल

आपल्याकडे काहीच नाही असे मुळीच नाही. गवंडीकाम करणाऱ्या बापाकडे ओळंबा व गुण्या असतो. ओळंबा सोडून भिंत पाहिली की 'लंब' कळतो आणि गुण्या लावला की काटकोन. बचत गटात जाणाऱ्या आईला मुद्दल, व्याज व मुदत हे तिन्ही शब्द ठाऊक असतात, आणि सरळव्याजाच्या गणितात दुसरे काही नसते. बँकेच्या नोकरीत आम्ही रोज पाहतो, की 'दोन रुपये शेकडा' हे व्याज थोडे वाटून माणसे सही करतात. ते दरमहा असेल, तर वर्षाला २४ टक्के होते. 'दरमहा' आणि 'दरसाल' या दोन शब्दांतील फरक मुलाला शाळेतच कळला, तर मोठेपणी त्याचे घर वाचेल.

दुसरे भांडवल आपल्या वंदनेत आहे. मुले त्रिशरण-पंचशील तोंडपाठ म्हणतात, पण अर्थ विचारला तर गप्प बसतात. तेथेही शब्द उलगडून सांगावेत. पालीतील 'ति' म्हणजे त्रि, तोच त्रिकोणात आहे. 'पंच' पंचकोनात आहे. 'अट्ठ' म्हणजे अष्ट, तो अष्टकोनात आहे. 'पाण' म्हणजे प्राण, त्याच्यापासून प्राणी. 'अनिच्च' म्हणजे अनित्य, आणि 'मग्ग' म्हणजे मार्ग. जे शब्द मूल आजीच्या मांडीवर बसून शिकले, तेच थोडा वेष बदलून त्याच्या पुस्तकात उभे आहेत, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो पाहण्यासारखा असतो. असे केल्याने वंदनाही अर्थासह होते आणि अभ्यासही होतो.

आपण काय करू शकतो?

आठवड्याला फक्त ५ शब्द घ्यावेत. वर्षात ४० आठवडे धरले तरी २०० शब्द होतात. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सहा वर्षांत १२०० शब्द मुलाच्या मालकीचे होतात. यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक फळा, खडू, शब्दकोशाची एक प्रत आणि आठवड्यातून दोन तास देणारा शिकलेला माणूस, एवढे पुरे.

समाजात आज शिक्षक, कारकून, परिचारिका, अभियंते आहेत. त्यांपैकी प्रत्येकाने आपल्या वस्तीतील विहाराला हे दोन तास द्यावेत. ज्या पालकांना वाचता येत नाही त्यांनीही मागे राहू नये. रात्री जेवताना 'आज कोणता नवीन शब्द शिकलास? मला सांग,' एवढे विचारावे. आईला समजावून सांगताना मुलाचा शब्द दुप्पट पक्का होतो आणि आईलाही एक शब्द मिळतो.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश आपण सभेत घोषणा म्हणून देतो. तो अमलात यायचा तर वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या मुलाला प्रश्न समजला पाहिजे. प्रश्न समजला, की उत्तर द्यायला ते समर्थ आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!