पस्तीस टक्क्यांची आई

मैत्रिणींनो, आणि तुमच्या खांद्यावरून वाचणाऱ्या बाबांनो,

रात्री साडेनऊला, ओटा पुसून झाला की पोरांना हमखास काहीतरी आठवतं. ‘आई, उद्या वाहतुकीच्या साधनांचा तक्ता न्यायचाय.’ शाळेने सांगितलेलं असतं सोमवारी, आज असतो गुरुवार. अभ्युदयनगरातल्या स्टेशनरीवाल्याचं शटर खाली आलेलं. मग आहेरात आलेल्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा निघतो. जाहिरातीतलं विमान, कुठल्याशा क्रूझची बोट, आगगाडी सगळं मिळतं. बैलगाडी मिळत नाही. आई बैल काढते. लेक निरखून बघते आणि म्हणते, ‘आई, हा कुत्रा आहे.’ तरी तक्ता जातो. परत येतो तो शेऱ्यासह: ‘छान. पुढच्या वेळी मुलीने स्वतः करावा.’ त्यातल्या ‘छान’वर आपण दोन दिवस काढतो.

असे प्रसंग तुमच्याकडेही ढिगाने असणार. पिवळ्या ड्रेसच्या दिवशी हिरवा घालून गेलेलं पोर, पोळी-भाजी केंद्रातल्या पोळ्या डब्यात भरताना ‘घरच्या वाटतायत ना?’ हा प्रश्न, कॉटन ग्रीनला गाडीत चढल्यावर सुचलेलं ‘अरे, डबा ओट्यावरच राहिला!’ आपण हे सगळं मैत्रिणींना हसून सांगतो आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की त्याचाच हिशेब मांडतो. मला बोलायचंय ते त्या हिशेबाबद्दल.

नोकरी करणारी आई हे आपल्या भागाला नवं नाही. आपल्या कॉटन ग्रीन स्टेशनाच्या नावातच कापूस आहे, आणि तो कापूस ज्या गिरण्यांत जायचा, तिथे रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायकाच बायका होत्या. भोंगा झाला की त्या निघायच्या. तान्हं कुणाकडे? चाळीतल्या म्हातारीकडे, शेजारणीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या ताईकडे. ज्या गिरणीत जात नव्हत्या, त्यांतल्या कितीतरी खोलीतच खानावळ चालवून कामगारांना जेवू घालायच्या. त्या खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. लोकांची ताटं वाढून होईपर्यंत यांची स्वतःची पोरं थांबलेली असायची.

पण ‘तेव्हाच्या बाया किती खंबीर!’ म्हणून उसासे टाकू नका. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी गिरणीतल्या आयांची पाहणी केली. त्यात आढळलं की बहुतेक जणी तान्ह्याला बाळगोळी द्यायच्या. बाळगोळी म्हणजे अफू. पाळी संपेपर्यंत मूल झोपून राहावं म्हणून. त्या दुष्ट होत्या का? मुळीच नाही. त्यांच्याकडे पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती. म्हणूनच 1928मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे असं मांडलं. 1929मध्ये कायदा झाला. त्यांनी त्या आयांना अधिक चांगली आई होण्याचा उपदेश केला नाही, त्यांच्यासाठी रजा मागितली. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आज कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यायला हवं, असं 2017च्या दुरुस्तीत लिहिलंय. तुमच्या ऑफिसात आहे का हो? विचारून तरी बघा. न विचारता आपण काय करतो, तर पोराच्या हातात मोबाइल देतो, कुकर लावतो आणि स्वतःलाच बोल लावतो.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. आयुष्यभर आया आणि बाळं बघून त्यांनी सांगितलं की मुलाला परिपूर्ण आई लागतच नाही, पुरेशी चांगली आई लागते. सुरुवातीला ती बाळाच्या हाकेला लगेच ओ देते, पुढे हळूहळू थोडी थोडी कमी पडत जाते. आणि तेवढ्या कमीपणातच मूल वाट बघायला, आपलं आपण निभवायला शिकतं. थोडक्यात, या परीक्षेत पस्तीसला पासच करतात आणि मेरिट लिस्ट लागत नाही. डबा विसरला तर मैत्रिणीच्या डब्यात हात घालता येतो, हे लेकीला कळलं तर बिघडलं काय? मात्र पस्तीस म्हणजे शून्य नव्हे. भूक, आजारपण, भीती आणि ‘आई, ऐक ना’ एवढ्या विषयांत नापास व्हायचं नाही. बाकीचे विषय ऑप्शनला टाका.

आता बाबांनो, जरा पुढे या. 2019च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची 97. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात थोडे. ‘मी मदत करतो की’ असं म्हणू नका. मदत शेजारी करतात, घर आपलं असतं. मुख्य भार तर हातांवर नसतोच, डोक्यात असतो: लस कधीची, गणवेश कुठे, डब्याला उद्या काय, बुधवारी कोणता रंग. ते लक्षात ठेवण्याचं खातं निम्मं आपल्या नावावर करून घ्या.

सुरुवात सोपी आहे. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आईचा नंबर काढून तुमचा द्या. पहिला मेसेज रात्री साडेनऊला येईल. बैल काढायचा सराव आत्तापासूनच करून ठेवा.