घराची तपासणी : कोणती आणि केव्हा?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. दोन्ही कामांत माणसाची आयुष्यभराची पुंजी खर्च होते. परंतु घर विकत घेताना आपण वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेतो आणि ज्या भिंतींसाठी पैसे मोजायचे त्या मात्र नव्या रंगाकडे पाहूनच पसंत करतो. घराची तपासणी एकाच प्रकारची नसते. प्रत्येक प्रकाराची स्वतःची अशी वेळ असते. ती टळली की तपासणीतून दोष कळतो, पण उपाय हाती राहत नाही. या दृष्टीने मुख्य प्रकारांचा येथे विचार करू.

१. खरेदीपूर्व तपासणी

ही तपासणी इसार देण्यापूर्वी व्हावी, कारण पैसे गुंतल्यावर 'नको' म्हणणे कठीण जाते. शक्य तर घर पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी भिंत आषाढात खरी स्थिती सांगते. प्रत्येक भेग धोक्याची नसते. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा सुकताना पडतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी चढत जाणारी भेग पाया खचल्याची खूण असू शकते. भेग वाढते आहे काय, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. भेगेवर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने घट्ट बसवावी व शेजारी तारीख लिहावी. काही महिन्यांत काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे असे समजावे.

२. नव्या घराची तपासणी

घर बांधून घेत असाल, तर अभियंत्याला गिलाव्यापूर्वी एकदा बोलवावे. नंतर नळ, वीजनळ्या व वीटकाम सर्व झाकले जाते. तयार सदनिका घेणाऱ्यांसाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा महत्त्वाचा आहे. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष नजरेस आणून दिल्यास विकासकाने ३० दिवसांत, जादा पैसे न घेता, तो दुरुस्त करून द्यावा अशी त्यात तरतूद आहे. म्हणून पाचवे वर्ष संपण्यापूर्वी एक पूर्ण तपासणी करावी आणि दोष लेखी कळवावेत.

३. पावसाळ्यापूर्वीची तपासणी

बेळगाव-खानापूर भागात मंगळुरी कौलांची, मातीच्या भिंतींची घरे अजून पुष्कळ आहेत. मातीची भिंत कोरडी असताना भक्कम असते, पण पाण्याने भिजली की तिचे बळ जाते. २०१९ च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत व पुरात बेळगाव जिल्ह्यात कित्येक घरे पडली. वैशाखातच फुटकी कौले, कुजलेले वासे आणि तुंबलेल्या पन्हळी पाहाव्यात. वळचणीचे पाणी जोत्याशी साचत नाही ना, याकडे विशेष लक्ष द्यावे.

४. वाळवी व वीज

वाळवीचा माग भिंतीवरील मातीच्या बारीक नळ्यांवरून लागतो. चौकटीवर टकटक केल्यास पोकळ आवाज येतो. पहिल्या पावसानंतर घरातच पंखांच्या वाळवीचे थवे निघाले, तर तज्ज्ञाला बोलावण्यास उशीर करू नये.

विजेची तपासणी जुने घर घेताना आणि गिझर किंवा शेगडीसारखे मोठे उपकरण बसवताना करावी. गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र घरी असावे. माणसाच्या रक्षणासाठी ते साधारणतः ३० मिलिअँपिअरचे असते. त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र बटण चालले म्हणजे अर्थिंग ठीक आहे असे नव्हे. ते वेगळ्या मापकाने मोजावे लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीही घरमालकाकडे एवढी चौकशी अवश्य करावी.

५. संरचनेची तपासणी

जुन्या काँक्रीट इमारतीसाठी ही सर्वांत महत्त्वाची. काँक्रीट अल्कधर्मी असते, तोवर आतील लोखंड सुरक्षित राहते. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे हा गुण वर्षानुवर्षे कमी होत जातो. मग लोखंड गंजते, गंज फुगतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील फिनॉल्फ्थॅलीन येथेही कामी येते. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर ते लावल्यास निरोगी भाग गुलाबी होतो, बाधित भाग रंगहीन राहतो. यासोबत हातोडीसारख्या उपकरणाने पृष्ठभागाचा कठीणपणा आणि ध्वनिलहरींनी आतील पोकळ्या तपासतात. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनेची तपासणी कायद्याने आवश्यक आहे. आपल्याकडेही हीच वयोमर्यादा मानणे हिताचे. याशिवाय मजला चढवण्यापूर्वी, आतील भिंत काढण्यापूर्वी आणि भूकंप किंवा आगीनंतर ती करावीच.

शेवटी, तपासणारा कोण हेही पाहावे. दलालाने आणलेला माणूस दलालाच्याच सोयीने पाहील. स्वतंत्र, अर्हताप्राप्त अभियंता निवडावा आणि अहवाल लेखी घ्यावा. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी शिकलेली अशी पहिली पिढी त्यांचीच असते. आईवडील घर घेताना व्यवहार ठरवतील, पण 'आधी तपासून घेऊ' एवढे सांगण्याचे काम या पिढीने करावे.